निवासी शाळेत मुलांची सभा: कोणते निर्णय खरंच मुलांच्या हाती द्यायचे?

नळस्टॉप (धागाकर्ता)

मुळशी तालुक्यातल्या एका निवासी शाळेत येत्या जूनपासून मुलांची सभा सुरू करायची आहे. पाचवी ते दहावी, ६० मुलंमुली. सात शिक्षक, दोन रेक्टर, स्वयंपाकघरात चार जण. मराठी माध्यम, दहावीला बोर्डाचीच परीक्षा. त्यामुळे 'वाटलं तर तासाला बसा' हे समरहिलचं (ए. एस. नील यांच्या इंग्लंडमधल्या निवासी शाळेचं) तत्त्व इथे उचलता येणार नाही, हे आधीच मान्य करतो.

माझं मत असं: दिवसाची शाळा मुलाचे सहा तास घेते, निवासी शाळा चोवीस घेते. उठणं, आंघोळ, ताटात काय पडणार, कोणाशेजारी झोपायचं, रुसवा कुठे काढायचा, सगळं मोठ्यांच्या घंटेवर. अशा ठिकाणी शनिवारी बालसंसद भरवायची, पंतप्रधान आणि आरोग्यमंत्री नेमायचे आणि त्यांच्या हाती फळा पुसण्याचं काम ठेवायचं, याला मी लोकशाही म्हणत नाही. मुलांना हे दुसऱ्या आठवड्यात कळतं आणि तिसऱ्या आठवड्यापासून ती गप्प बसतात.

प्रश्न तीन. मुलांकडे काय द्यायचं आणि काय नाही? मत कसं घ्यायचं? नियम मोडला तर पुढे काय? तत्त्वज्ञान थोडं चालेल, पण वही, पेटी, वेळ, माणसं असं लिहिलंत तर फार उपयोग होईल.

रेक्टरबाई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सभा सुरू होण्याआधी लेखी असायला हवं. तीन याद्या करा आणि जेवणघराच्या भिंतीवर लावा.

पहिली, सभा ठरवेल आणि मोठे ते पाळतील: खेळाच्या वेळा, सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक, कामांच्या पाळ्या, ठरलेल्या खर्चात आठवड्याचा मेनू, वाचनालयाचे नियम, खोल्यांतल्या जागा, सहली, सामाईक टीव्ही.

दुसरी, सभा आणि शिक्षक मिळून ठरवतील: अभ्यासिकेची वेळ, दिवे मालवायची वेळ, मोबाईल, पाहुण्यांच्या भेटी, गृहपाठाचं प्रमाण.

तिसरी, मताला टाकायचंच नाही. औषधोपचार, आग आणि वीज, विहीर-तलाव, अंधार पडल्यावर कुंपणाबाहेर जाणं, पैशांचे हिशेब सही करणं, माणसं नेमणं. यात लपवाछपवी नको. नील यांनी १९२१ मध्ये शाळा सुरू केली तेव्हापासून सुरक्षिततेच्या गोष्टी आणि शिक्षकांची नेमणूक त्यांनीही सभेकडे दिली नव्हती. सगळं तुमच्या हातात आहे असं सांगून ऐन वेळी नकाराधिकार वापरणं हे सर्वांत वाईट. यादी छोटी असली तरी चालेल, ती खरी हवी.

बिबट्याचीवाट

तिसऱ्या यादीला पूर्ण अनुमोदन. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर पट्ट्यात उसातल्या बिबट्यांमुळे अंधारानंतर बाहेर न जाणं हा मताचा विषय होऊच शकत नाही. मात्र 'का' हे मुलांना सांगायलाच हवं, आणि पर्याय सभेनेच शोधावा. रात्री शौचालयाला जायचं तर जोडीने आणि बॅटरी घेऊन. बॅटऱ्या किती लागतील, चार्ज कोण करणार, कुठे टांगायच्या, हे मुलंच ठरवतात आणि पाळतातही. बंदी मोठ्यांची, व्यवस्था मुलांची.

शाळाबाहेर

रेक्टरबाईंच्या याद्यांत एक चौथी राहिली, आणि माझ्या लेखी ती सर्वांत आधी यायला हवी: प्रत्येक मुलाचे हक्क, जे बहुमतानेही काढून घेता येत नाहीत. निवासी शाळेत बहुसंख्या म्हणजे एका खोलीत २४ तास सोबत राहणारी बहुसंख्या. घरी फोन करणं, पोटभर जेवण, झोप, शौचालय, आजारपणात विश्रांती, खेळ, स्वतःचं कुलूपबंद कपाट आणि न फोडलेलं पत्र. सभा ६० विरुद्ध शून्याने ठरवो, यातलं काहीही थांबत नाही.

मूळ अडचण सांगतो. बहुतेक मुलं स्वतः ठरवून वसतिगृहात येत नाहीत, आईवडील आणून सोडतात. जिथे येणं आपल्या हाती नव्हतं तिथल्या सभेला 'आमची सभा' म्हणायला वेळ लागतो. तो द्या.

नियमावली

कायद्याच्या बाजूचं लिहितो, कारण यात चूक झाली तर मुलाचं फार नुकसान होतं.

शिक्षणहक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी. मुलांच्या न्यायसभेने एखाद्याला कोपऱ्यात उभं करायचं ठरवलं, तरी जबाबदारी शाळेचीच. 'मुलांनीच ठरवलं' हा बचाव होत नाही.

पॉक्सो कायदा २०१२ (मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण), कलम १९: लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. त्यामुळे अशी तक्रार सभेत, न्यायसभेत किंवा तक्रारपेटीच्या जाहीर वाचनात कधीही येता कामा नये. पेट्या दोन ठेवा. एक सभेची, ती मुलं उघडतील. दुसरी कुलूपबंद, शौचालयाच्या वाटेवर, जिथे चिठ्ठी टाकताना कोणी बघणार नाही. ती दोन मोठ्या व्यक्तींनी मिळून रोज उघडायची, त्यांपैकी एक स्त्री. पेटीवर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक ठळक अक्षरात.

आणखी एक. मुलांना स्वतःला लागू होणाऱ्या बाबतीत मत मांडण्याचा हक्क १९८९ च्या बालहक्क संहितेच्या कलम १२ मध्ये आहे, आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली आहे. सभा ही शाळेने केलेली मेहेरबानी नाही.

चिंचोका

आता मतदानाचं. हात वर करून मत घेऊ नका. पाचवीचं मूल आधी नववीच्या दादाकडे बघतं, मग हात वर करतं. दादाच्या खोलीतच त्याला रात्री झोपायचं असतं.

स्वस्त उपाय: प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक खडा. चिंचोका म्हणजे हो, खडा म्हणजे नाही. पडद्यामागे दोन पत्र्याचे डबे. पहिल्या डब्यात मत, दुसऱ्यात उरलेलं. डब्यांच्या तळाशी कापड घाला, नाहीतर चिंचोका पडला की खडा, हे आवाजावरून कळतं. ६० जणांचं मतदान दहा-बारा मिनिटांत होतं. मोजताना तीन मुलं, त्यातलं एक पाचवी-सहावीचं. दोन्ही डब्यांची बेरीज १२० आलीच पाहिजे, नाही आली तर मतदान पुन्हा.

बोलण्यासाठीही चिंचोके वापरता येतात. सभेच्या सुरुवातीला प्रत्येकाला दोन, एकदा बोललं की एक मध्ये ठेवायचा. बडबड्या दादांचे पहिल्या दहा मिनिटांत संपतात आणि मग लहानांचा आवाज ऐकू येतो. दोन महिन्यांनी चिंचोके काढून टाका, तोवर सवय लागलेली असते.

भाकरीतव्यावर

चिंचोका, पद्धत मस्त! पण मतदान हाच शेवटचा मार्ग असावा असं मला ठाम वाटतं. हॉलंडमध्ये केस बूके यांनी १९२६ मध्ये बिल्टहोवेनला जी शाळा काढली, तिथे बहुमताऐवजी संमती होती. तिथला प्रश्न साधारण असा: याच्याबरोबर तुला राहता येईल का? आवडलं पाहिजे असं नाही. जमणारच नसेल तर कारण सांग, आपण ठराव बदलू.

मेसमध्ये याचा फरक लगेच दिसतो. अंडी हवीत म्हणणारे ४०, नको म्हणणारे २०. मत घेतलं तर २० जण हरतात आणि महिनाभर ताटाकडे बघून धुसफुसतात. संमतीने विचारलं तर खरी हरकत बाहेर येते: अंडी खाण्याला हरकत नसते, त्याच डावाने उसळ वाढण्याला असते. मग वेगळं पातेलं, वेगळा डाव, वाढपाचं वेगळं टेबल, आणि न खाणाऱ्यांना तेवढ्याच किमतीचे शेंगदाणे-गूळ किंवा दूध.

मेनू मुलांकडे देताना आकडेही द्या, नाहीतर दर आठवड्याला पावभाजी येते. शालेय पोषण आहाराचं सहावी ते आठवीचं एका जेवणाचं प्रमाण डोईला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. ६० जणांना म्हणजे ९ किलो धान्य, १.८ किलो डाळ, ४.५ किलो भाजी, ४५० ग्रॅम तेल. हा तळ समजा, याखाली जायचं नाही. पाचवीला थोडं कमी पुरतं, नववी-दहावीला जास्त लागतं, बेरीज साधारण जुळते. फळ्यावर एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मार्केट यार्डातले त्या आठवड्याचे भाव. पाच मुलांची मेस समिती, दर चार आठवड्यांनी तिघं बदलायचे, दोघं राहायचे, म्हणजे शिकलेलं वाया जात नाही.

आणि खरकटं रोज तोला. एक बादली, एक ताणकाटा, फळ्यावर आकडा. भोपळ्याच्या दिवशी बादली किती भरते, हे दिसलं की चर्चा 'आवडतं-नावडतं' सोडून 'कसा शिजवायचा' इथे येते. स्वयंपाकघरातल्या मावशींना सभेत मत हवंच. त्यांना न विचारता गुरुवारी पुरणपोळी ठरवायची ही लोकशाही नव्हे.

खेडशिवापूर

मावशींच्या मताला हजारदा अनुमोदन. पुरणपोळी ६० जणांची, प्रत्येकी दोन धरल्या तरी १२०. एका तव्यावर तासाला फार तर २५. करा हिशोब!

जुनीवही

हे सगळं परदेशातून आलंय असं वाचणाऱ्यांना वाटू नये म्हणून थोडं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू केलेल्या बोर्डिंगात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि आपली कामं आपण करत. त्या काळात एका पंगतीला बसणं हाच केवढा मोठा निर्णय होता. वर्ध्याला १९३७ च्या परिषदेनंतर सेवाग्रामला गांधीजींची नयी तालीम (हाताच्या कामातून शिक्षण) उभी राहिली, तिथेही मुलं सफाई आणि स्वयंपाक सांभाळत आणि त्याचा हिशेब सभेत देत.

म्हणून कामाच्या पाळ्यांबद्दल एक आग्रह. पाळीत शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची नावं हवीत, शौचालय धुण्याच्या पाळीतसुद्धा. नाहीतर 'स्वावलंबन' म्हणजे कामगार वाचवणं, इतकाच अर्थ मुलांपर्यंत पोहोचतो. आणि शौचालय सफाई ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. एकदा ती शिक्षा झाली की ते काम हलकं ठरतं, आणि आपल्या समाजात त्या हलकेपणाला जात चिकटलेली आहे.

शाळाबाहेर

जुनीवही, हे फार नेमकं लिहिलंत. खोल्या आणि पंगती आडनावांप्रमाणे किंवा गावांप्रमाणे आपोआप जमतात, त्यावरही लक्ष हवं. दर सत्राला चिठ्ठ्या टाकून खोल्या बदलल्या तर गट घट्ट होत नाहीत. मात्र एक जोडीदार निवडायची मुभा ठेवा. नवीन मुलाला ओळखीचं एक तरी माणूस लागतं.

पौडफाटा

मी थोडा विरोधात लिहितो. दहावीचं वर्ष, त्यात अभ्यासिकेची वेळ सभेपुढे? पालक फी कशासाठी भरतात? बारा वर्षांच्या मुलाला झोप किती लागते हे तो मत देऊन ठरवणार का?

रेक्टरबाई

पौडफाटा, प्रश्न रास्त आहे, म्हणूनच तो दुसऱ्या यादीत आहे. झोपेचा तळ सभेने ठरवायचा नाही. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास, तेरा ते अठराला ८ ते १० तास, ही डॉक्टरांची शिफारस. उठायचं सहाला असेल तर पाचवी-सहावीचे दिवे नऊला, दहावीचे उशिरात उशिरा दहाला. सभा ठरवेल ते यांच्या आत: दिवे मालवण्याआधी अर्धा तास गप्पा की वाचन, शनिवारी किती सूट, मालवल्यावर कुजबुज झाली तर काय. समरहिलमध्ये झोपेच्या वेळांचे नियम सभाच करते आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला मुलांमधूनच माणसं निवडली जातात. रेक्टरने काठी घेऊन फिरण्यापेक्षा ते जास्त टिकतं, कारण तक्रार करणाराही मूलच असतो: 'मला झोपू दे.'

अभ्यासिकेबद्दल: एकूण तास शिक्षक सांगतील, ते दिवसात कुठे बसवायचे हे मुलं. दहावीची मुलं पहाटेचा वेळ मागतात, सहावीची संध्याकाळचा. दोन्ही देता येतं.

पौडफाटा

हे पटलं. तळ आणि छत मोठ्यांचं, मधली जागा मुलांची. पालकांना सांगायला ही भाषा बरी आहे. प्रवेशाच्या वेळीच त्या भिंतीवरच्या याद्यांची प्रत त्यांना द्या, म्हणजे डिसेंबरात फोन येत नाहीत.

नळस्टॉप (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तिसरा प्रश्न अजून बाकी आहे: नियम मोडला तर? दंड, खेळ बंद, असले ठराव मुलं स्वतःच आणतात आणि मोठ्यांपेक्षा कडक आणतात.

कोर्टकचेरी

बरोबर, मुलं कडक असतात, कारण त्यांनी न्याय म्हणून आजवर शिक्षाच पाहिलेली असते. यासाठी यानुश कोर्चाक यांचं काम सर्वांत उपयोगी. पेशाने बालरोगतज्ज्ञ, वॉर्सात १९१२ पासून ते ज्यू अनाथ मुलांचं वसतिगृह चालवत. तिथल्या मुलांच्या न्यायालयात पाच न्यायाधीश, ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. त्यांच्या संहितेची पहिली ९९ कलमं क्षमेची होती. पुढची कलमं शंभराच्या टप्प्याने, आणि १००० वं म्हणजे वसतिगृहातून काढणं. मुलं मोठ्यांवरही तक्रार करू शकत. स्वतः कोर्चाक या न्यायालयापुढे उभे राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी ही मुलं त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेली, तेव्हा सुटकेची संधी नाकारून ते मुलांबरोबर गेले. त्यांनी मुलांना दिलेला आदर किती खरा होता, हे त्यावरून कळतं.

आपल्याकडे बसेल असा साचा:

तक्रार तक्रारदारानेच लिहायची. लहान मुलाला लिहिता येत नसेल तर त्याने निवडलेला मित्र लिहील. तक्रार लिहिल्यावर एक रात्र जाऊ द्यायची. सकाळी निम्म्या तक्रारी मुलं स्वतःच फाडतात.

सुनावणी आठवड्यातून एकदा, एका तक्रारीला १५ मिनिटं. आधी तक्रारदार, मग दुसरी बाजू, मग साक्षीदार. एक शिक्षक कारकून म्हणून, लिहील पण मत देणार नाही. सुनावणी सगळ्या सभेपुढे घेऊ नका. ५५ जणांसमोर उभं राहणं हीच शिक्षा होते.

निर्णय भरपाईचा हवा. वही फाडली तर ती उतरवून देणं. पाणी सांडलं तर पुसणं. शेजाऱ्याची झोप मोडली तर दोन रात्री दुसऱ्या खोलीत. पैशांचा दंड नको, कारण एकाच्या खिशात ५०० असतात आणि दुसऱ्याच्या २०. जेवण, खेळ, फोन, सफाई यांना हात नाही. निर्णय आठवड्यात पुरा झाला की वहीतल्या पानावर तिरकी रेघ, आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही.

मारामारी झाली, रक्त आलं, कुणाला सतत छळलं जातंय, तर ते मोठ्यांकडे. छळणारा आणि सोसणारा यांना समोरासमोर बसवून मिटवामिटवी करणं सोसणाऱ्यासाठी घातक असतं.

चिंचोका

कोर्टकचेरींना जोडून सभेच्या वहीचं. चार रकाने: ठराव, कोणी करायचं, कधीपर्यंत, झालं का. प्रत्येक सभेची सुरुवात मागच्या पानाच्या चौथ्या रकान्याने. सभा मरते ती इथे: मुलांनी नळ दुरुस्तीचा ठराव केला, ऑफिसने तीन आठवडे काही केलं नाही. पैसे नाहीत म्हणून होणार नसेल, तर तेही वहीत, तारखेसकट, आणि ज्याने नाही म्हटलं त्याने येऊन सांगायचं.

दुसरं, पहिल्या सत्रात प्रत्येक ठरावाचं आयुष्य चार आठवडे. मग तो आपोआप संपतो, हवा असेल तर पुन्हा आणायचा. त्यामुळे चुकीचा नियम गळतो आणि नियमांची रास होत नाही. आणि ठराव पुणेरी पाटीसारखा एका ओळीत मावला पाहिजे, नाहीतर पाचवीचं मूल वाचत नाही.

सभा आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, जेवणानंतर नको (पेंग येते), रविवारी सकाळी न्याहारीनंतर ठेवा. विषय गुरुवार संध्याकाळपर्यंत फळ्यावर, जास्तीत जास्त चार. अध्यक्ष चिठ्ठीने, दोन आठवड्यांसाठी, जोडीने: एक मोठं, एक लहान. मुख्याध्यापक गोलात कुठेही बसतील, पण अध्यक्षाच्या शेजारी नको.

बिबट्याचीवाट

गरम पाण्याचाही विषय सभेत घ्या, गणितासकट. ५०० लिटरचा सोलर, ६० अंशाचं पाणी. थंडीत टाकीचं पाणी २० अंश धरलं तर समान मिसळून ४० अंशाचं १००० लिटर होतं, म्हणजे डोईला साधारण १६ लिटर, एक बादली. पहिली वीस मुलं दोन-दोन बादल्या घेतात म्हणून शेवटच्या वीसांना गार पाणी उरतं. हे फळ्यावर मांडलं की वेगळी शिस्त लावावी लागत नाही. मुळशीच्या पावसात मात्र सोलरवर विसंबू नका.

नळस्टॉप (धागाकर्ता)

हे सगळं छापून शिक्षकांच्या बैठकीत ठेवतो. शेवटचं विचारतो: पहिल्याच सभेत विषय कोणता घ्यावा? मेनू घेतला तर सभा तीन तास चालेल.

रेक्टरबाई

जो सगळ्यांना छळतो, ज्यात कोणी चूक नाही, आणि ज्याचं उत्तर एका आठवड्यात डोळ्यांना दिसेल असा. जूनमध्ये मुळशीत? न वाळणारे कपडे.

चिंचोका

अगदी! आकडेही देऊन ठेवतो. गणवेश, आतले कपडे, टॉवेल मिळून एका मुलाला रोज साधारण दोन मीटर दोरी लागते. पावसात वाळायला दोन दिवस. ६० × २ × २ = २४० मीटर. सहा मीटरच्या ४० दोऱ्या, दोन दोऱ्यांत फूटभर अंतर, म्हणजे ६ बाय १२ मीटरची छपराखालची जागा, समोरासमोर खिडक्या आणि पंखे. नायलॉनची दोरी घ्या. मुलांना टेप द्या आणि इमारत मोजायला लावा.

नळस्टॉप (धागाकर्ता)

एवढी छपराखालची जागा आमच्याकडे एकच आहे, सभेचा हॉल.

रेक्टरबाई

मग पहिल्या सभेचा दुसरा विषयही मिळाला: सभा कुठे भरवायची.